पोटॅशियमची पंगत

बाबांचा दसऱ्याला घेतलेला शर्ट होळीपर्यंत टिकला असं मला कधी आठवत नाही. कंपनीत जाताना ते खाकी कपडे घालायचे आणि येताना तिथंच बदलून यायचे, तरी बनियनला, घरच्या शर्टाच्या बाहीला, कुठं ना कुठं भोकं पडायचीच. आधी कापडावर पिवळट डाग दिसायचा, मग दोनचार धुण्यांत तो डाग विरायचा आणि त्या जागी नुसती जाळी उरायची. आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत मिसळत नसे. मागच्या दारी त्यांची वेगळी बादली होती आणि त्या बादलीला हात लावायची मला बंदी होती. आईच्या बोटांची टोकं मात्र बारा महिने सोललेली असायची. भाकरी थापताना तिला ती झोंबायची, मग ती पिठाच्या परातीतून हात काढून एकदा हवेत झटकायची आणि पुन्हा थापायला लागायची. शाळेत रसायनशास्त्र सुरू होण्याआधी मला त्याची एवढीच ओळख होती.

आम्ही नवीन पनवेलला तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. आईबाबा दोघंही जवळच्याच नेरे गावाकडचे. चुलते गावी भात लावायचे, बाबा तेवढे कंपनीत लागले म्हणून कॉलनीत आले. आमच्या बिल्डिंगमध्ये बाकी सगळे बँकेतले, सरकारी कचेरीतले, पुण्यामुंबईकडून बदली होऊन आलेले. त्यांच्या घरातून पोळ्यांचा वास यायचा आणि आमच्या घरातून सुक्या जवळ्याचा. मी शाळेत गेल्यावर 'आहे' आणि 'नाही' बोलायचे, घरी आले की 'हाय' आणि 'नाय'. यात मला काही विशेष वाटत नसे, चप्पल दारात काढावी तशी मी भाषा दारात काढायचे. आता त्या बिल्डिंगच्या जागी उंच टॉवर झाला आहे. मी रिक्षातून तिथून जाते तेव्हा आमची खोली कुठल्या लिफ्टखाली गेली असेल याचा अंदाज बांधायचा कंटाळा येतो. थकवा हा असा असतो, आठवणींचासुद्धा आळस करायला लावतो.

बाबा ॲसिडच्या सेक्शनमध्ये होते. टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह, आणि कुठंतरी सतत काहीतरी गळत असलेलं. त्यांना खोकला होता. तो पहाटे सुरू व्हायचा, आधी घसा खाकरल्यासारखा, मग छातीच्या तळातून, आणि तो थांबेपर्यंत आई अंथरुणात बसून राहायची. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा सरळ सांगितलं होतं की औषधं देतो, पण खरं औषध म्हणजे सेक्शन बदलून घेणं. सेक्शन बदलून मिळणं काय सोपं होतं? आणि तेवढ्यात कंपनीत नवीन कंट्रोल रूम झाली. काचेची, थंडगार, आत नुसते दिवे आणि काटे बघत बसायचं. तिथं थोडी माणसं जुन्या कामगारांतून घ्यायची ठरली, पण त्यांना रसायनशास्त्राची तोंडओळख हवी, म्हणून तोंडी परीक्षा ठेवली. अणूची रचना आणि मूलद्रव्यांची आवर्तसारणी, नववीच्या पुस्तकाएवढं. मी तेव्हा दहावीत होते आणि माझं नववीचं पुस्तक फळीवर पडून होतं. बाबांची शाळा सातवीला सुटलेली.

"तू शिकवशील ना यांना?" आई म्हणाली. मला वाटतं, आईनं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ती एकच गोष्ट. तिला अणूशी कर्तव्य नव्हतं. तिला पहाटे झोप हवी होती आणि बाबांची छाती धड हवी होती.

बाबा पाळीवरून आले की आंघोळ, मग चहा आणि रात्रीची उरलेली भाकरी, आणि मग व्हरांड्यात मी आणि ते. पहिले काही दिवस नुसते हाल. अणूच्या मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन. मी पुस्तकातलं वाचायचे आणि बाबांचे डोळे मिटायला लागायचे. मी चिडायचे. दहावीतली मुलगी मी, माझी स्वतःची परीक्षा डोक्यावर. मी पुस्तक आपटलं की ते दचकून जागे व्हायचे आणि म्हणायचे, "सांग, सांग, आयकतोय मी. केंद्रक."

मग पंगतीनं आम्हाला वाचवलं. हे सांगायला हवं की आमच्या भागात लग्न असलं की बाबांना आठवडाभर आधी बोलावणं यायचं. स्वयंपाकाला नव्हे, पंगत बसवायला. मांडवात किती माणूस आलं हे ते दारात उभं राहून ओळखायचे, कुठली पंगत कुठं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, वाढप कुठल्या टोकाकडून सुरू करायचं, सगळं त्यांच्या तोंडी असायचं. आणि त्यांचा एक नियम होता, पंगतीत पान मोकळं राहू द्यायचं नाही. मधली पत्रावळ रिकामी दिसली की ते पुढच्या पंगतीतल्या माणसाला, मग तो कितीही मोठा असो, उठवून मागं आणायचे. एकदा वराच्या मामाला असं उठवलं तेव्हा मांडवात भांडण व्हायची वेळ आली होती. बाबा हटले नाहीत. "मोकल्या पानावर कोन येऊन बसतो ते आपल्याला दिसत नाय," असं ते म्हणायचे. मामा शेवटी उठून मागं येऊन बसले आणि रागारागानं बुंदी खाल्ली.

तर मी सांगितलं, केंद्रक म्हणजे नवरानवरी. इलेक्ट्रॉन म्हणजे जेवायला आलेली माणसं. पहिल्या पंगतीत दोनच पानं, दुसऱ्या पंगतीत आठ, तिसरीत अठरा. बाबा ताठ बसले. मग आम्ही रोज एकेका मूलद्रव्याचं लग्न लावलं. कार्बनची सहा माणसं, दोन आणि चार. ऑक्सिजनची आठ, दोन आणि सहा. निऑनची दहा, दोन आणि आठ, मांडव भरला, आता कोणाची वाट बघायची नाही. मी व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं आवर्तसारणी काढली आणि बाबा उकिडवे बसून तिच्यावर बोट ठेवत जायचे. त्यांना ती फार आवडली. एका उभ्या रांगेत सगळे एका घराण्याचे, शेवटच्या पंगतीत सारखीच माणसं, म्हणून स्वभाव सारखा, हे त्यांना एकदम पटलं. सोडियम, क्लोरीन, गंधक ही त्यांची रोजची मंडळी तिथं नावागावासकट राहताना सापडली. अगदी उजवीकडची राजवायूंची रांग बघून ते हसले. "ही जेवून उठलेली. यांना आता काय बी दावा, नको बोलनार."

आई तिकडे भाकरी थापत ऐकत असायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण थापण्याच्या तालावर ती हळूच पुटपुटायची, दोन आठ एक, दोन आठ सात. फरशी पुसताना ती तेवढा खडूचा भाग सोडून पुसायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, ते पोटॅशियमपाशी अडलं. त्याआधी आरगॉन झाला होता, दोन, आठ, आठ. मग एकोणिसावं मूलद्रव्य पोटॅशियम. बाबांनी बोटांवर मोजत स्वतःच सांगितलं, "दोन, आठ, नऊ."

"नाही. दोन, आठ, आठ, एक."

"कसं काय? तिसऱ्या पंगतीत अठरा पानं बोल्लीस ना तू?"

"हो."

"आठ मानसं बसली. दहा पानं मोकली. आनि ह्यो एकुनिसावा मानूस उठून चौथ्या पंगतीला एकटाच बसतो? त्याला कोनी बसवला तिकडं?"

मी पुस्तक उघडून दाखवलं. लिहिलं होतं की शेवटच्या कक्षेत आठपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. का, ते लिहिलं नव्हतं. मी फरशीवर बोट ठेवून सांगितलं की बघा, पोटॅशियम सोडियमच्या खाली आहे, स्वभाव त्याच्यासारखा, पाण्यात टाकलं तर पेट घेतं, म्हणजे शेवटच्या पंगतीत एकच माणूस असणार. बाबा म्हणाले, "सभाव बरोबर हाय. एकटा बसलेला मानूस कोनाच्या पन हाकंला उठून जानार. ते पटतं मना. पन दहा पानं मोकली टाकून तो तिथं गेला का, ते सांग."

मी शाळेत सरांना विचारलं. सर म्हणाले, नियम आहे, पाठ करा, दोन मार्कांना येतो. मी घरी येऊन तेच सांगितलं. पुढं मी स्वतः शिक्षिका झाले, नववीच्या वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर २, ८, ८, १ लिहिलं, आणि लिहून मुद्दाम थांबायचे. मुलं मुकाट वहीत उतरवून घ्यायची. कोणीतरी विचारेल म्हणून मी वाट बघायचे, आणि घंटा व्हायची. निवृत्त झाले तोवर एकानंही विचारलं नाही.

"बाबा, परीक्षेत आठ, एक म्हणायचं. वाद घालायचा नाही," मी सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "बोलेन." आईनं स्वयंपाकघरातून पुन्हा विचारलं, "बोलाल ना?" "बोलेन गो, किती येला सांगू?"

परीक्षेच्या दिवशी आईनं त्यांना धुतलेला शर्ट दिला, बाहीचं भोक रफू केलेला. संध्याकाळी बाबांच्या आधी इब्राहिमचाचा आले. ते बाबांच्याच सेक्शनमधले, जुन्या पनवेलमध्ये राहणारे, कोकणी मुसलमान, बाबांचे घट्ट दोस्त. तेही परीक्षेला बसले होते. दारात उभे राहिले ते आत येईनात. आईनं विचारलं, "तुमचं झालं?"

"माझं झालं भाभी. अल्लाची मेहेरबानी. मला घेतलं."

"आनि यांचं?"

चाचा खाली बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी सांगितलं. दोघादोघांना आत बोलावत होते, म्हणून हे दोघं एकाच बाकावर होते. परीक्षा घेणारे साहेब तरुण, नवे इंजिनियर. माणूस वाईट नाही, मुद्दाम सोपं विचारत होता. बाबांनी सगळं धडाधड सांगितलं, सोडियम, क्लोरीन, राजवायू, रांगा, स्वभाव. साहेब खूश झाले. शेवटचा सवाल म्हणाले, पोटॅशियम सांगा.

"हा बोलला की बराबर! दोन, आठ, आठ, एक. साहेबानी पेन उचलला टिक करायला. बस, उठून यायचं तिथून. तर हा बोलतो, साहेब, एक विचारू? मी खाली पायानी ढोसतोय त्याला, चूप बस. नाही. बोलतो, तिसऱ्या पंगतीत दहा पानं मोकली, तर हा चौथीला का बसला? साहेबाला पंगतच समजेना. मग ह्यानी समजवलं. साहेब बोलले, नियम आहे. हा बोलतो, कुनाचा नियम?"

आई भिंतीला टेकून उभी होती.

"साहेब जरा गरम झाले. बोलले, मग तुमचा जवाब काय लिहू मी? मी तर दुआ करायला लागलो. हा बोलतो, साहेब, मना पटत नाय ते मी कसं बोलू? तुमी समजवा, मंग आठ बोलतो. नायतर माझं नऊ. साहेबानी दोनदा विचारलं भाभी, झूट का बोलू, दोनदा. नक्की नऊ? बोलला, नऊ. मग साहेबानी लिहिलं. आणि लिहिलं ते काय, बाकीच्या सगळ्या जवाबांपेक्षा त्यांनी तेच पकडलं. सांगितलेलं ऐकत नाही तो काट्यांसमोर कसा बसेल, बोलले."

"आठ," आई म्हणाली. चाचांकडे बघत नव्हती ती, कोणाकडेच बघत नव्हती. "दोन, आठ, आठ, एक. मना येतंय. चुलीपुढं बसून मना येतंय."

बाबा आले तेव्हा चाचा निघून गेले होते. आईनं त्यांच्यापुढं चहाचा कप ठेवला आणि ती आत गेली. मी मात्र बोलले, खूप बोलले, रडले, माझा इतका वेळ घेतला आणि एक आकडा बोलायला तुमची जीभ का अडली म्हणून विचारलं. मला त्यांचा संताप आला होता. त्या संतापाच्या आत कुठंतरी मला त्यांचा अभिमानही वाटत होता, आणि तसा वाटतोय याचा आणखी संताप येत होता. बाबा व्हरांड्यात बसून राहिले. "परथम बोल्लोच होतो मी आठ," ते हळूच म्हणाले. "पन साहेबाला म्हाईत असल असं वाटलं गो. येवडा शिकलेला मानूस. विचारून घेऊ बोल्लो." आईनं पाण्याची बादली आणली आणि फरशी पुसली, यावेळी सगळी.

त्यानंतर बाबा पुन्हा ॲसिडच्या सेक्शनला जायला लागले, आणि आमच्या घरात पोटॅशियमचं नाव निघालं नाही. भाकरी, जवळा, मागच्या दारची बादली, पहाटेचा खोकला, सगळं आधी होतं तसंच. इब्राहिमचाचा कंट्रोल रूमच्या थंडीत स्वेटर घालून बसायचे आणि बाबांच्या नजरेला नजर द्यायला लाजायचे. बाबाच त्यांना हाक मारून चहाला घेऊन जायचे. गावाकडून लग्नाची बोलावणी यायची, बाबा जायचे, पण आता दारात उभं राहून ओरडायला दम पुरत नाही म्हणून खुर्ची टाकून बसायचे. आई त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटायचं. आता त्या वयाची मी होऊन पुढं आल्यावर समजतं, भांडायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं.

दहावी झाली, मी सायन्सला गेले. सगळं इंग्रजीतून, मला अर्धं समजायचं आणि अर्धं मी घरी येऊन शब्दकोश घेऊन लावायचे. एक दिवस मॅडमनी फळ्यावर एकोणिसावं मूलद्रव्य घेतलं. तिसऱ्या कक्षेच्या आत पुन्हा वेगवेगळ्या पातळ्या असतात, आणि तिच्यातल्या शेवटच्या दहा जागांपेक्षा चौथ्या कक्षेतल्या पहिल्या जागांची ऊर्जा कमी असते. इलेक्ट्रॉन आधी कमी ऊर्जेची जागा धरतो. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं आणि विसाव्याकडे वळल्या. मी पुढचं काही लिहूनच घेतलं नाही.

घरी आले तेव्हा बाबा पहिली पाळी करून आले होते आणि खालीच चटईवर पडले होते, छातीवर हात ठेवून, डोळे मिटून. आई आत भाकरी करत होती. मी दप्तरही खाली न ठेवता म्हटलं, "बाबा, ते मिळालं. पोटॅशियमचं."

त्यांनी डोळे उघडले. "कोनाला म्हाईत होतं?"

"आमच्या मॅडमना. पुढच्या पुस्तकात आहे." मी त्यांच्याजवळ बसले. "तिसऱ्या पंगतीतली ती दहा पानं आहेत ना, ती सपाट जमिनीवर नाहीत. उंच ओट्यावर मांडलेली आहेत. तिथं चढून बसायला जास्त कष्ट पडतात. चौथ्या पंगतीतलं पहिलं पान लांब दिसतं, पण ते खाली आहे. इलेक्ट्रॉन कमी कष्टाची जागा बघतो आणि तिथं जाऊन बसतो."

बाबांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग छताकडे बघत त्यांनी हातानंच हवेत पंगती मांडल्या, एक, दोन, तीन, तो ओटा, आणि पुढं एक पान. आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"म्हंजी पान मोकलं हाय, पन तिथं बसाला तरास हाय."

"हो."

"आनि दुसरीकडं तरास कमी हाय, तर हा सरल तिकडं जातो."

"हो, बाबा."

"मंग बरोबर हाय त्याचं," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान आलं होतं, कितीतरी दिवसांनी. "चुकी नाय त्याची काय. जिथं तरास कमी, तिथंच जावं."

आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी होती. त्या परीक्षेनंतर त्याबद्दल ती पहिल्यांदाच बोलली.

"आता कललं तुमाला?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं, खरंखुरं, पोटातून, आणि हसता हसता खोकला आला. ते उठून बसले, पुढं वाकले, तरी तो थांबेना. आईनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि त्यांच्या मागं बसून पाठ चोळायला लागली, मी तांब्या धरून उभी राहिले. आत तव्यावरची भाकरी जळायला लागली, तिचा वास दोन्ही खोल्यांत पसरला, पण आम्हा तिघांतलं कोणी तिच्यासाठी उठलं नाही.